नळदुरुस्ती आणि बिल्डिंग कोड : फरशी बसण्याआधी काय तपासावे?

नवीन घर घेताना आपल्याकडे काय काय बघितलं जातं? दिशा बघतात, कार्पेट एरिया बघतात, गॅलरीतून काय दिसतं ते बघतात, किचनच्या ओट्याला ग्रॅनाईट आहे ना ते बघतात. बाथरूममध्ये गेल्यावर नळ सोडून बघतात, पाणी आलं की "छान आहे" म्हणून बाहेर येतात. नळातून पाणी येतं कुठून आणि खाली जातं कुठे, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो प्रश्न विचारला जातो खालच्या मजल्यावरच्या लोकांकडून, तोही छताला ओल आल्यावर.

आमच्या घरी हेच झालं. बाबांनी प्रॉव्हिडंट फंडातले पैसे घालून सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. ताबा मिळाल्यावर तीन महिन्यांत खालच्या काकूंच्या बेडरूमच्या छताला ताटाएवढा ओला डाग पडला. डाग पंख्याच्या हुकापासून वीतभर अंतरावर होता. ओलं छत आणि त्यातून जाणारी वायर, हे दोन्ही शेजारी शेजारी म्हणजे काय ते इलेक्ट्रिकलवाल्या मित्रांना सांगायला नको. काकूंनी भांडण केलं नाही. पेन्सिलने डागाच्या कडेने रेघ ओढली, तारीख लिहिली, आणि बाबांना वर येऊन नुसतं एवढंच म्हणाल्या, "भाऊ, रात्री पंखा लावायची भीती वाटते."

बिल्डरकडून सुपरवायझर आणि दोन प्लंबर आले. बाथरूमच्या फरश्या फोडल्या, नहाणी ट्रॅप बदलला, शेजारच्या पाईपचा एक तुकडा बदलला. दुसऱ्या दिवशी फरशी बसवणार होते. सोबत एक टाईप केलेला कागद होता : "दुरुस्ती समाधानकारक झाली असून आमची कोणतीही तक्रार नाही." बाबांनी खिशातून पेन काढलं होतं. मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीला घरी आलेली. मी म्हटलं, "बाबा, एक दिवस थांबू या. हे कोडप्रमाणे झालंय का ते बघू."

त्या एका दिवसात जे बघितलं, ते या लेखात क्रमाने मांडते. लहानपणापासून कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे "मलनिस्सारण", "जलरोधन" असे शब्द माझ्या तोंडात बसत नाहीत. म्हणून मिस्त्री लोक जे शब्द वापरतात तेच वापरते.

कोड म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरो नॅशनल बिल्डिंग कोड काढते. पहिला कोड १९७० साली आला, नंतर १९८३, २००५ आणि २०१६ साली त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. २०१६ च्या आवृत्तीत नववा भाग प्लंबिंगचा आहे. त्याच्या मागे वेगवेगळी आयएस मानके उभी आहेत : घरातल्या पाणीपुरवठ्यासाठी आयएस २०६५, ड्रेनेजसाठी आयएस १७४२, सीपीव्हीसी पाईपसाठी आयएस १५७७८, सांडपाण्याच्या पीव्हीसी पाईपसाठी आयएस १३५९२.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा कोड स्वतःहून कायदा नाही. स्थानिक बांधकाम नियमावली जेव्हा "हे काम कोडप्रमाणे करा" असं म्हणते, तेव्हा त्याला जोर येतो. महाराष्ट्रात मुंबई आणि काही क्षेत्रं सोडून बाकी ठिकाणांसाठी २०२० साली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. ती इमारतीतल्या पाणी आणि ड्रेनेजच्या कामासाठी कोडच्या नवव्या भागाकडेच बोट दाखवते. त्यामुळे "ताई, कोड-बिड पुस्तकात असतं" हे उत्तर चालत नाही.

आणखी एक. गळती थांबणे आणि काम कोडप्रमाणे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एम-सील लावूनही गळती थांबते, आठ दिवस. कोड विचारतो ते वेगळं : माल कोणता, जोड कसा, उतार किती, ट्रॅपमध्ये पाणी किती, आणि झाकण्याआधी चाचणी घेतली का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण फरशी बसली की बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं काँक्रीटखाली गाडली जातात.

आधी निदान

डॉक्टर न तपासता गोळी देत नाही, पण प्लंबर न तपासता ट्रॅप बदलतो. आमच्याकडे आलेल्या दादांचं म्हणणं होतं, "नहाणी ट्रॅपच असणार, नव्वद टक्के तोच असतो." असेलही. पण उरलेल्या दहा टक्क्यांचं काय?

गळती तीन ठिकाणांहून येऊ शकते. पहिलं, पुरवठ्याचा पाईप. यात चोवीस तास दाब असतो, त्यामुळे नळ बंद असले तरी पाणी झिरपत राहतं. दुसरं, ड्रेनेजचा पाईप. यात वापर केला तरच पाणी असतं, म्हणून तो अंघोळीनंतर गळतो आणि दुपारी गप्प बसतो. तिसरं, वॉटरप्रूफिंग. यात पाईप ठणठणीत असतो, पण फरशीच्या सांध्यांतून पाणी खाली उतरतं.

ओळखायची रीत सोपी आहे. गच्चीवरच्या टाकीतून आपल्या बाथरूमला येणारा व्हॉल्व्ह एक-दोन दिवस बंद ठेवायचा, अंघोळ बादलीने करायची. डाग वाढायचा थांबला तर संशय पुरवठ्यावर. मग उलटं करायचं : नळ वापरायचे नाहीत, नहाणी ट्रॅपला बोळा लावून बाथरूममध्ये दोन बोटं पाणी साठवायचं, त्यात कपड्यांची नीळ घालायची आणि चोवीस तास थांबायचं. खाली निळसर ओल उतरली तर दोष वॉटरप्रूफिंगचा. फरशी फोडल्यावर ही चाचणी घेता येत नाही, म्हणून ती आधी.

काकूंची पेन्सिलची रेघ इथे फार उपयोगी पडली. फरशी फोडण्याआधी आईने दोन दिवस मेन व्हॉल्व्ह बंद ठेवला होता (आईने इंजिनिअरिंग केलेलं नाही, तिला हे स्वतःहून सुचलं). त्या दोन दिवसांत डाग रेघेच्या बाहेर गेला नाही. व्हॉल्व्ह उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी गेला. म्हणजे संशय पुरवठ्याच्या पाईपवर होता, आणि दादांनी बदलला होता ट्रॅप.

पाईप वाचायला शिका

पाईपवर छापलेलं असतं ते डिझाईन नसतं. त्यावर कंपनीचं नाव, व्यास, दाबाचा वर्ग, आयएस नंबर, आयएसआय मार्क आणि "सीएम/एल" ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक बीआयएस केअर नावाच्या अॅपवर टाकला की परवाना चालू आहे की नाही ते कळतं. दोन मिनिटांचं काम आहे.

गीझरच्या गरम पाण्याच्या लाईनला सीपीव्हीसी हवा. साधा यूपीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो. आणि सीपीव्हीसीचा जोड सीपीव्हीसीच्याच सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवायचा, डब्यात उरलेल्या पीव्हीसीच्या सिमेंटने नाही. डब्यावर लिहिलेला सुकण्याचा वेळ होईपर्यंत लाईन चालू करायची नाही. आमच्याकडे माल बरोबर होता, डबाही बरोबर होता. चांगलं असेल त्याला चांगलं म्हणायलाच हवं.

गेजची सुई

आता मुख्य चाचणी. पाईपच्या सगळ्या तोंडांना प्लग लावायचे, गीझर वेगळा काढायचा, लाईनमध्ये पाणी भरायचं, आतली हवा पूर्ण बाहेर काढायची आणि हातपंपाने दाब चढवायचा. पंपावर गेज असतं. मग थांबायचं.

दाब किती? आपल्या घरात प्रत्यक्ष किती असतो ते आधी काढू. आमचा तिसरा मजला, वर गच्चीपर्यंत पाच मजल्यांची उंची, मजल्याला ३ मीटर धरले तर १५ मीटर. टाकीचा चौथरा मिळवा, नळाची उंची वजा करा, साधारण १६ मीटर पाण्याचा स्तंभ झाला. १० मीटर म्हणजे सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर, म्हणजे आमच्या नळाला १.६ किलो दाब. चाचणीचा दाब वापरातल्या दाबाच्या निदान दीडपट तरी हवा, आणि पाईपच्या वर्गाला झेपेल इतकाच. आम्ही ६ किलो ठरवला, एक तासासाठी.

हवा का काढायची? हवा दाबली जाते, स्प्रिंगसारखी. पाईप फुटला तर ती स्प्रिंग सुटते आणि प्लास्टिकचे तुकडे उडतात. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही. त्यामुळे थोडंसं पाणी बाहेर गेलं तरी दाब झपकन उतरतो. डोळ्याला न दिसणारी गळती सुईला दिसते ती यामुळेच.

सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, याची काही गरज नाही, नळ सोडून बघितलाय आम्ही." मी म्हटलं, "सर, नळ सोडल्यावर दाब कमी होतो. बंद केल्यावर बघायचंय." बाबा काही बोलले नाहीत, फक्त पेन परत खिशात ठेवलं. दादांनी साइटवरून पंप आणला.

सुई ६ वर नेली. दहा मिनिटांत ती ४ वर आली.

मग शोध. बदललेला तुकडा कोरडा, नवा ट्रॅप तर या लाईनवर नव्हताच. भिंतीत मिक्सरला जोडणाऱ्या पितळी आट्यांच्या एल्बोवर टिश्यू पेपर धरला, तो ओला झाला. मिक्सर बसवताना कुणीतरी पाना जरा जास्तच आवळला होता, आणि एल्बोच्या प्लास्टिकला केसाएवढी भेग गेली होती. दादांनी स्वतःच भेग बघितली आणि म्हणाले, "ताई, ही फरशीखाली गेली असती तर मीच परत आलो असतो फोडायला."

भेग केसाएवढी, मग नुकसान ते किती? हिशोब करा. सेकंदाला एक थेंब, थेंब ०.०५ मिलिलिटरचा. दिवसाला ८६,४०० थेंब म्हणजे ४.३ लिटर, महिन्याला सुमारे १३० लिटर. शहरातल्या घरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात हे आपण एन्व्हायर्नमेंटलच्या पेपरला लिहितो. म्हणजे महिन्यातून एक दिवस एक पाहुणा येऊन काकूंच्या छतात अंघोळ करून जातो!

एल्बो बदलला, सिमेंट सुकू दिलं, पुन्हा ६ किलो. एक तास सुई हलली नाही.

दोन इंच पाण्याचा पहारा

आता नहाणी ट्रॅप. सुट्टीनंतर हॉस्टेलवर परतल्यावर बाथरूमच्या पॅसेजमध्ये जो वास येतो, तो आपण सगळ्यांनी घेतलेला आहे. आपण सफाईवाल्या मावशींना दोष देतो. दोष बहुतेक वेळा त्यांचा नसतो. ट्रॅपमधलं पाणी महिनाभरात आटून गेलेलं असतं आणि ड्रेनेजची हवा सरळ वर येते. प्रत्येक जाळीत एक बादली पाणी ओता, वास बंद होतो.

ट्रॅपची ही कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं, त्यात इंग्रजी एस अक्षरासारखा वाकडा पाईप होता. त्या वाकात अडून राहिलेलं पाणी म्हणजे वॉटर सील. आपल्या कोडप्रमाणे ते निदान ५० मिमी हवं.

हे फक्त वासापुरतं आहे असं समजू नका. २००३ साली सार्सची साथ असताना हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या निवासी संकुलात तीनशेहून जास्त लोकांना लागण झाली आणि ४२ जण दगावले. तिथल्या चौकशीत जी कारणं पुढे आली, त्यात बाथरूमच्या जमिनीतले कोरडे पडलेले ट्रॅप हे एक मोठं कारण होतं. एक्झॉस्ट पंखा लावला की ड्रेनेजमधली दूषित हवा कोरड्या ट्रॅपमधून घरात ओढली जायची.

मोजायचं कसं? जाळी काढा, ट्रॅप पाण्याने भरा. पाण्याच्या पृष्ठभागापासून आतल्या पडद्याच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे सील. तळापर्यंतचं अंतर नाही, पुष्कळ जण तिथेच फसतात. माझ्या ड्रॉईंगच्या स्टीलच्या पट्टीने मोजलं तर ३५ मिमी भरलं. खाली जागा कमी म्हणून दादांनी उथळ ट्रॅप बसवला होता. "सगळीकडे हाच बसवतो आम्ही," सुपरवायझर म्हणाले. गळतीच्या दृष्टीने तो ट्रॅप उत्तम होता, एक थेंब गळत नव्हता. कोडच्या दृष्टीने नापास. वर सांगितलेला फरक तो हाच. भरावाचं थोडं काँक्रीट अजून फोडून खोल ट्रॅप बसवावा लागला, अर्धा दिवस गेला.

मग शेवटी एक चाचणी कानाने घ्यायची. कमोडचा फ्लश सोडा आणि नहाणी ट्रॅपपाशी कान द्या. गुडगुड आवाज आला, पाणी खाली-वर झालं, तर व्हेंट पाईपमध्ये गडबड आहे आणि फ्लशबरोबर सीलचं पाणी ओढलं जातंय.

उतार

ड्रेनेजच्या पाईपला पंप नसतो, उतार हाच त्याचा पंप. १०० मिमीच्या पाईपला साइटवर ४० ला १ हा उतार धरतात, म्हणजे एका मीटरला २५ मिमी. मिस्त्रींकडे पारदर्शक लेव्हल ट्यूब असते, तिच्याने दोन टोकांची पातळी घेता येते. फरशीच्या उताराला तर एक मग पाणी पुरे. कोपऱ्यात ओता, सगळं पाणी जाळीकडे जायला हवं. एखादं तळं उरलं तर तिथेच पुढची ओल.

उलटं जाणारं पाणी

पाणी नेहमी नळातून बादलीत जातं असं आपण धरून चालतो. पुरवठा बंद होऊन पाईप रिकामा व्हायला लागला की तो ओढायला लागतो, आणि बादलीत बुडवलेल्या नळीतून घाण पाणी उलटं पाईपमध्ये जातं. अमेरिकेत शिकागो शहरात १९३३ साली जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्या वेळी दोन हॉटेलांच्या सदोष प्लंबिंगमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं, अमीबिक डिसेंट्रीची साथ पसरली आणि ९८ माणसं मेली.

म्हणून नळाचं तोंड बेसिनच्या काठाच्या वर हवं, आणि मधलं अंतर नळाच्या व्यासाच्या निदान दुप्पट. जेट स्प्रे हुकवर टांगलेला हवा, कमोडमध्ये किंवा बादलीत लोंबणारा नको. हा नियम पाळायला प्लंबर लागत नाही.

बीमला हात लावू नका

हे खास सिव्हिलवाल्यांसाठी. पाईप बसत नाही म्हणून छिन्नी-हातोडा घेऊन बीम किंवा कॉलम कोरणं हा गुन्हा समजा. सळई उघडी पडली तर प्लंबिंगची दुरुस्ती स्ट्रक्चरल दुरुस्ती होऊन बसते. काम चालू असताना समोर उभं राहून बघा. तसंच भिंतीतला बंद करायचा व्हॉल्व्ह आणि ड्रेनेज साफ करायचं झाकण फरशीखाली जाता कामा नये. ज्याला हात पोचत नाही तो व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा.

शेवटी कागद

सगळं पास झाल्यावर फरशी बसण्याआधी फोटो काढा, फोटोत मेजरिंग टेप दिसू द्या. भिंतीपासून पाईप किती अंतरावर आहे हे पाच वर्षांनी खिळा ठोकताना कळेल.

मग तो टाईप केलेला कागद. स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, २०१६ चा. त्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला किंवा सेवांमधला दोष प्रमोटरच्या लक्षात आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. म्हणून तक्रार फोनवर न करता लेखी करावी, तारीख घालावी. आणि "आमची कोणतीही तक्रार नाही" अशा मोघम वाक्यावर सही करू नये.

बाबांनी ते वाक्य खोडलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं : "मिक्सरचा एल्बो व नहाणी ट्रॅप बदलला. लाईनची चाचणी ६ किलो दाबावर एक तास घेतली, दाब उतरला नाही. ट्रॅपचे सील ५० मिमी मोजले." खाली तारीख, बाबांची सही, सुपरवायझरची सही, आणि दादांना विनंती करून त्यांचीही सही व परवाना क्रमांक. सुपरवायझर जरा नाखूष होते. दादा मात्र खूष दिसले, आजवर त्यांच्या कामावर कुणी त्यांची सही मागितली नव्हती म्हणे.

डाग सुकायला पावणेदोन महिने लागले, छतातली ओल एका दिवसात जात नाही. काकूंनी इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग तपासून घेतलं, त्याचे पैसे बिल्डरने दिले. रंग लावायचा राहिलाय.

आता हॉस्टेलवासीयांना एक गृहपाठ. स्टीलची पट्टी घ्या, आपल्या विंगमधल्या नहाणी ट्रॅपची जाळी काढा आणि सील मोजा. रेक्टर सरांना वास येतो म्हणून दिलेल्या अर्जापेक्षा "तिसऱ्या विंगमधल्या चार ट्रॅपांचं सील ५० मिमीपेक्षा कमी भरलं" असा अर्ज देऊन बघा. आकडा लिहिलेला अर्ज सहसा कुणी फाईलमध्ये पडू देत नाही.